आधी वॉर्डात जा, हॉलचं नंतर बघू

प्रश्न : ताई, गेल्या वर्षी माझ्या धाकट्या जावेला स्तनाचा कॅन्सर झाला. जवळच्याच रुग्णालयात कॅन्सरचा एक छोटा विभाग आहे, तिथे तिचे सगळे उपचार झाले. आता ती बरी आहे, फॉलोअप चालू आहे. त्या विभागासाठी काहीतरी करावं म्हणून आम्ही चाळीसेक जणी एकत्र आलो. ४ फेब्रुवारीला, जागतिक कॅन्सर दिनी, सकाळी पदयात्रा आणि संध्याकाळी तिकिटं लावून गाण्यांची मैफल असं ठरवलं. हॉलची अनामतही भरली. पण आता सगळं अडलंय. पैसे मागायची वेळ आली की माझी जीभ उचलत नाही. भर बैठकीत एका मैत्रिणीने 'हिशेब कोण बघणार?' असं विचारलं, ते मला फार लागलं. काही जणी म्हणतात, एवढी यातायात करण्यापेक्षा एखाद्या गरजू पेशंटला थेट पैसे देऊ. आणि जावेने मंचावर येऊन बोलावं असं सगळ्यांनाच वाटतं. सासूबाई म्हणतात, आजाराचा बभ्रा कशाला? जाऊ स्वतः काहीच बोलत नाही. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात हॉल आहे, पदयात्रा आहे, तिकिटं आहेत, पण जमलेल्या पैशांचं नेमकं काय करायचं ते कुठेच नाही. 'त्या विभागासाठी काहीतरी' एवढंच आहे. मला वाटतं, जीभ न उचलण्यापासून हिशेबाच्या प्रश्नापर्यंत तुमच्या बहुतेक अडचणी या एका रिकाम्या जागेतून निघाल्या आहेत. कशासाठी मागतोय हे आपल्यालाच धड माहीत नसलं की मागताना संकोच वाटतो, आणि समोरच्यालाही शंका येते.

म्हणून कार्यक्रम महिनाभर बाजूला ठेवा आणि दोघी-तिघी मिळून त्या विभागात जा. वेळ मागून घ्या आणि वही-पेन न्या.

हे मी ठेच लागून शिकले. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी असाच निधी जमवला आणि एका रुग्णालयाला केमोचं औषध मोजून सोडणारे पंप दिले. फोटो निघाले, भाषणं झाली. सहा महिन्यांनी मी सहज त्या वॉर्डात गेले, तेव्हा सिस्टरने एक कपाट उघडून दाखवलं. पंप ओळीने ठेवलेले होते. वरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं, आणि प्रत्येकावर आमच्या नावाची पट्टी. त्या पंपांना त्यांच्याच मापाचे नळ्यांचे सेट लागत होते, दर पेशंटला नवा. आम्ही पंप दिले, सेटचा विचारच केला नाही, आणि रुग्णालयाकडे त्यासाठी पैसे नव्हते. 'तुम्ही आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं,' एवढंच सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी जिन्याखालची जागा दाखवली. पेशंटसोबत आलेली माणसं रात्री तिथे फरशीवर झोपत होती.

तर, विचारायचं. पण फक्त मोठ्या डॉक्टरांना विचारून परत येऊ नका. डॉक्टर बहुधा यंत्राचं नाव सांगतील, आणि ते खोटंही नसेल. पण चाळीस जणींनी जमवलेल्या पैशांत काय भागेल हे सिस्टरना जास्त ठाऊक असतं, तिथे समाजसेवक असतील तर त्यांना, आणि सर्वांत जास्त ठाऊक असतं अपॉइंटमेंटचं रजिस्टर सांभाळणाऱ्या माणसाला. त्यांना एकच प्रश्न विचारा, 'गेल्या दोन-तीन महिन्यांत उपचार अर्धवट सोडून किती जण गेले, आणि का?' नावं विचारू नका, कारणं विचारा. त्या उत्तरांतून तुमचा कार्यक्रम आपोआप ठरेल.

हा प्रश्न मी उगाच सुचवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी एक जागतिक मोहीम सुरू केली. तिची उद्दिष्टं तीन आकड्यांत आहेत. निदान झालेल्या पेशंटपैकी किमान ६० टक्के पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातच सापडावेत, डॉक्टरांना पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान पक्कं व्हावं, आणि किमान ८० टक्के पेशंटनी उपचार पूर्ण करावेत. हा तिसरा आकडा औषधाइतकाच येण्या-जाण्यावर, झोपण्या-बसण्यावर, घरी मुलांना कोण बघतं यावर अवलंबून असतो. तुमच्यासारख्या गटाला मोठं काम आहे ते इथेच.

रेडिएशनचं घ्या. मशीनवरचा वेळ काही मिनिटांचा, पण ती मिनिटं आठवड्यातून पाच दिवस लागतात, आणि असे बऱ्याचदा तीन ते सात आठवडे. लांबून येणाऱ्या माणसाला रोज जायचं, रोज यायचं, सोबत कुणीतरी घ्यायचं, आणि त्या सोबत्याचा रोजगार बुडतो तो वेगळाच. दोन आठवडे निभतं, तिसऱ्या आठवड्यात खाडे सुरू होतात. मधे खंड पडला तर काही कॅन्सरमध्ये उपचाराचा गुणच कमी होतो. केमोचंही तसंच. माणूस पहाटे निघून येतो, रक्त तपासतात, रक्तातल्या पेशींचे काउंट खाली गेलेले निघतात आणि 'पुढच्या आठवड्यात या' म्हणून त्याला परत पाठवतात. डॉक्टरांचा निर्णय बरोबरच असतो, पण ती खेप वाया गेलेली असते. अशा दोन खेपांनंतर तिसऱ्यांदा यायला मन आणि पैसे दोन्ही उरत नाहीत.

आणखी एक विचारून या. उपचार थांबवलेल्या पेशंटच्या वेदना कमी करायला घरी कोण जातं? वेदनाशमन आणि अशी आधाराची सेवा ज्यांना लागते, त्यांच्यापैकी जगभरात जेमतेम १४ टक्के लोकांनाच ती मिळते असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. घरोघरी जाणाऱ्या एका सिस्टरचा पगार आणि तिच्या गाडीचा खर्च, हा गटाने उचलण्यासारखा फार मोलाचा भार आहे. त्याचा फोटो निघत नाही, त्यामुळे देणगीदार तिकडे फिरकत नाहीत. तुम्ही फिरकलात तर मला फार आनंद होईल.

वहीत दहा गोष्टी लिहून आणाल. त्यातली एक निवडा, फार तर दोन.

आता पैसे मागण्याचं. 'कॅन्सरग्रस्तांसाठी मदत करा' हे वाक्य पुन्हा तोंडात आणू नका. ते इतकं मोठं आहे की ऐकणाऱ्याला आपण द्यायची रक्कम त्यात दिसतच नाही. त्याऐवजी असं म्हणा : 'आपल्या रुग्णालयात रेडिएशनला लांबून येणारे पेशंट मध्येच सोडून जातात, कारण रोजच्या जाण्या-येण्याचा खर्च झेपत नाही. एका पेशंटचा एका आठवड्याचा खर्च इतका आहे. तुम्ही एक आठवडा घ्याल का?' आणि थांबा. हे थांबणंच जमत नाही आपल्याला. गप्प राहणं अवघड जातं म्हणून आपणच पुढे बोलतो, 'नाही म्हणजे, जमलं तरच हं, काही घाई नाही,' आणि समोरच्याला उठून जायला वाट करून देतो. विचारा आणि त्यांना विचार करू द्या. ते नाही म्हणाले तर 'हरकत नाही' म्हणा आणि दुसरं विचारा : महिन्यातून एक सकाळ गाडी घेऊन येता येईल का? पैसे नाहीत म्हणणारी कितीतरी माणसं वेळ द्यायला तयार असतात, त्यांना तो कुणी मागितलेलाच नसतो.

टेरी फॉक्स या कॅनडातल्या तरुणाची गोष्ट इथे सांगते. अठराव्या वर्षी हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. १९८० च्या एप्रिलमध्ये तो कृत्रिम पायावर देश आडवा पार करायला धावत निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला, आणि मग कॅन्सर फुप्फुसात पसरल्याने त्याला थांबावं लागलं. पुढच्या जूनमध्ये तो गेला, बाविसाव्या वर्षी. त्याचं धावणं सगळ्यांना आठवतं, मला त्याचं मागणं आठवतं. दर माणशी एक डॉलर. देशाची लोकसंख्या सुमारे २ कोटी ४० लाख, म्हणून तेवढे डॉलर. प्रत्येकाला आपला वाटा किती हे ऐकताक्षणी कळत होतं. १९८१ च्या फेब्रुवारीत तो आकडा गाठला गेला, आणि ते त्याला बघायला मिळालं.

आणि हो, मागायला निघण्याआधी तुम्हा चाळीस जणींची वर्गणी जमा झालेली असू द्या, थोडी का असेना. 'आम्ही दिलेत' हे सांगता आलं की जीभ उचलते.

हिशेबाबद्दल विचारणाऱ्या मैत्रिणीचा तुम्हाला राग आला हे मी समजू शकते. आपण जीव ओतून काही करत असतो आणि कुणीतरी त्यात संशय घुसवतं असं वाटतं. पण हा प्रश्न तिने बैठकीत सगळ्यांसमोर विचारला, मागे कुजबुज केली नाही. कार्यक्रम झाल्यावर बाहेरच्या कुणी विचारला असता तर तो खरंच झोंबला असता. तिला फोन करा, आणि हिशेब तपासायचं काम तिलाच द्या. पैसे घेणारी एक, नोंद करणारी दुसरी, तपासणारी ती. कुणाच्याही घरच्या खात्यावर एक पैसासुद्धा येऊ देऊ नका, अगदी तुमच्यासुद्धा नाही, चार दिवसांसाठीसुद्धा नाही. रुग्णालयाचा स्वतःचा रुग्ण साहाय्य निधी असेल तर देणगी थेट तिथे जाऊ द्या आणि पावती त्यांच्याच नावाची मिळू द्या. हे पैसे फक्त अमुक कामासाठी वापरले जातील असं रुग्णालयाकडून आधी लेखी घ्या. आम्ही तसं घेतलं असतं, तर निदान कपाटापाशी उभं राहून काही विचारता आलं असतं. आणि महिन्याच्या आत एका पानाचा हिशेब प्रत्येक देणगीदाराला पाठवा : जमले किती, कार्यक्रमावर गेले किती, पोचले किती. मधला आकडा लपवू नका.

तो मधला आकडा लक्षात घेऊन माझं स्पष्ट मत सांगते. मैफल रद्द करा. हॉल, ध्वनिव्यवस्था, कलाकार, पाहुणे यांतच तिकिटांचे पैसे संपतात आणि तुमच्या चाळीस जणींची दोन महिन्यांची ताकदही. पदयात्रा ठेवा, तिला फारसा खर्च नाही. खर्चासाठी प्रायोजक घ्यायचाच असेल तर तंबाखू आणि दारूच्या धंद्यातला पैसा नको. ही दोन्ही कॅन्सरची सिद्ध झालेली कारणं आहेत. आणि 'हमखास गुण' येणारी औषधं विकणाऱ्यांना आसपास टेबल मांडू देऊ नका, त्यांनी कितीही देणगी देऊ केली तरी. घाबरलेला माणूस आधी तिकडे वळतो, आणि बरा होऊ शकणारा आजार त्या काही महिन्यांत हाताबाहेर जातो.

एखाद्याच पेशंटला थेट पैसे द्यावेत असं म्हणणाऱ्या मैत्रिणींचं मन मोठं आहे, पण मला ते पटत नाही. ज्याला ओळखीपाळखी आहेत, ज्याच्या घरी नीट मांडून सांगणारं कुणी आहे, त्याचं नाव तुमच्यापर्यंत पोचतं. कोपऱ्यातल्या बाकावर गप्प बसलेल्याचं पोचत नाही. कुणाला द्यायचं हे रुग्णालयाने नियमाने ठरवू दे. तुमच्यापैकी कुणीच पेशंट निवडण्याच्या भानगडीत पडू नये. नात्यागोत्यातून फोन यायला लागले की गट फुटतो.

जागृतीकडे येते, कारण पदयात्रेत लोक घोषणा देतील, फिती लावतील, आणि दुसऱ्या दिवशी काय?

फितीवरून आठवलं. आज स्तनाच्या कॅन्सरची गुलाबी फीत सगळीकडे दिसते. तिच्याआधी, १९९० च्या सुमारास, अमेरिकेत शार्लट हेली नावाच्या बाईंनी घरी बसून फिकट नारिंगी रंगाच्या फिती करायला घेतल्या. त्यांच्या घरात आजी, बहीण आणि मुलगी, तिघींना स्तनाचा कॅन्सर झाला होता. प्रत्येक फितीबरोबर त्या एक छोटं कार्ड देत. राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या वार्षिक खर्चातला फक्त पाच टक्के वाटा प्रतिबंधावर जातो असं त्यावर लिहिलेलं असे, आणि लोकप्रतिनिधींना जागं करायचं आवाहन. पुढे एका मासिकाने आणि एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने ती फीत मोठ्या प्रमाणावर वाटायला मागितली. हेलीबाईंनी नाही म्हटलं, त्यांना तिचा धंदा होऊ द्यायचा नव्हता. मग १९९२ मध्ये रंग बदलून गुलाबी फीत आली आणि जगभर गेली. हेलीबाईंचं कार्ड मात्र मागे राहिलं.

तुम्ही कार्ड वाटा. फीत नसली तरी चालेल.

कार्डावर काय लिहायचं? 'कॅन्सर टाळा' नको. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ३० ते ५० टक्के कॅन्सर टाळता येण्यासारखे आहेत. हे खरं असलं, तरी ते वाचून सकाळी उठून काय करायचं ते कुणाला कळत नाही. एका बाजूला चार-पाच खुणा द्या : स्तनातली किंवा काखेतली नवी गाठ, तोंडात तीन आठवडे झाले तरी न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा, पाळी गेल्यानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, शौचातून रक्त, कारण नसताना उतरलेलं वजन. खाली ठळक लिहा, 'यांपैकी काही असलं म्हणजे कॅन्सरच असं नाही. स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण दाखवून घ्या.' आणि दुसऱ्या बाजूला फक्त पत्ता : कोणती ओपीडी, कोणत्या वारी, किती वाजता, कितव्या मजल्यावर, कोणत्या खिडकीशी, आणि फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर. रुग्णालयाला विचारून, ते नीट पाळतील तेवढंच छापा. दार बंद असेल तर त्या दाराचा पत्ता देऊ नये.

तपासणी शिबिराचा मोह होईल. करा, पण रुग्णालयाला जे झेपतं तेवढंच, एक किंवा दोन प्रकारच्या कॅन्सरपुरतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तर २०२० मध्ये जगाने मिळून उद्दिष्ट ठरवलं आहे : २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षाच्या आत एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूविरुद्धची लस, ७० टक्के स्त्रियांची पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा खात्रीची तपासणी, आणि दोष सापडलेल्यांपैकी ९० टक्के जणींना उपचार. या शेवटच्या ९० कडे नीट बघा. शिबिरात शंभर जणी येतात, पाच-सहा जणींना 'पुन्हा या, आणखी तपासावं लागेल' असं सांगितलं जातं, आणि त्यातल्या निम्म्या परत येत नाहीत, असं मी बघितलंय. भीतीने येत नाहीत, कुणी सोबत नाही म्हणून येत नाहीत, घरात सांगायचं कसं म्हणून येत नाहीत. त्यामुळे शिबिराच्या आधी तुमच्या चाळिसांतल्या सहा जणी निवडा. त्यांचं काम एकच : पुन्हा बोलावलेल्या बाईला विचारून तिच्याबरोबर जायचं, बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून करायची तपासणी, होईपर्यंत बाहेर बसायचं, आणि रिपोर्ट आणायलाही तिच्यासोबत जायचं. तिच्याबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही. हे नसेल तर शिबीर घेऊ नका असंच मी म्हणेन. शंका मनात घालून घरी एकटं पाठवणं फार वाईट.

भाषणात आणि फलकांवर 'झुंज', 'लढाई', 'मात' हे शब्द जपून वापरा. पदयात्रेत अशीही माणसं चालत असतील ज्यांच्या घरचं कुणी गेलंय. ते माणूस कमी पडलं म्हणून गेलं नाही.

राहता राहिल्या तुमच्या जाऊबाई. सासूबाईंची 'बभ्रा कशाला' ही काळजी मला जुनाट वाटत नाही. त्यांच्या पिढीने या आजाराच्या नावाने घरं वाळीत पडलेली बघितली असतील, मुलींची लग्नं अडलेली बघितली असतील. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे त्यांना शांतपणे सांगा. पण बोलायचं की नाही हे त्यांनीही ठरवायचं नाही, तुम्हीही नाही आणि गटाने तर नाहीच. जाऊबाईंनी वर्षभर आपलं शरीर इतक्या लोकांपुढे उघडं केलंय, तपासायला, मोजायला, शिवायला. आता मंचावर जाणं त्यांना नको असेल तर त्याचं कारणसुद्धा त्यांनी देऊ नये.

मात्र एक गोष्ट त्यांना जरूर विचारा, आणि ती मंचाची नाही. त्या विभागात काय कमी आहे हे तुम्हा चाळीस जणींत त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. केमोच्या खोलीत पडदा आहे का, शस्त्रक्रियेनंतर ब्रेसियरच्या आत घालायचा कृत्रिम स्तन कुठे मिळतो हे कुणी सांगितलं का, हात सुजू नये म्हणून करायचे व्यायाम कुणी शिकवले का, स्वच्छतागृहाचं दार आतून लागतं का. वही घेऊन वॉर्डात जाण्याआधी त्यांच्यापाशी बसा. कदाचित त्या सगळं सांगतील आणि नाव घालू नका म्हणतील, तर घालू नका.

विचाराल तेव्हा घरात दुसरं कुणी नसेल अशी वेळ बघा. आणि त्या 'बघू' म्हणाल्या, तर तो नकार समजा आणि विषय पुन्हा काढू नका.